रहाटाजवळची जागा

काखेत फ्रेम घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली. मार्चची दुपार होती आणि ऊन मी म्हणत होतं. कोपऱ्यावरच्या टपरीत मी उगीच एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. टपरीवाल्यानं विचारलं, "कुणाकडं जायचंय, साहेब?"

"मल्लय्यामामांकडे."

"आवो, ते वारले की. दोन महिने झाले."

"माहीत आहे. मामीकडे जायचंय," मी म्हणालो आणि फ्रेम या काखेतून त्या काखेत घेतली.

लहानपणी ज्या घरात मी चपला उडवून शिरत असे, त्या घरापर्यंतची पन्नास पावलं मला चालवेनात. फ्रेममध्ये मल्लय्यामामा होते. फोटो मीच काढलेला. त्या फोटोत मामीही असायला हवी होती, पण ती नव्हती. तिला मी पुसलं होतं, माझ्या हातानं, आणि तिला ते अजून ठाऊक नव्हतं.

आमची आणि त्यांची भिंत एकच होती. माझे वडील गिरणीत कामाला. गल्लीत आमचं एकच घर मराठी, बाकी सगळी तेलुगू विणकरांची. सकाळी जाग यायची ती मागाच्या आवाजानं. खटक-खट, खटक-खट. एका घरात माग सुरू झाला की दुसऱ्या घरातला लागलीच उत्तर द्यायचा आणि नऊच्या सुमाराला अख्खी गल्ली खडखडायला लागायची. आई म्हणायची, या आवाजात माणसाला धड भांडतासुद्धा येत नाही. आमच्या गल्लीत भांडणं कमी होती ती बहुधा त्यामुळेच.

गल्लीच्या वरच्या अंगाला रंगाऱ्याचं घर होतं. त्याच्या कढईत आज कोणता रंग चढलाय ते आम्हाला गटारीवरून कळायचं. सोमवारी डाळिंबी पाणी वाहायचं, मंगळवारी मोरपंखी. उद्या कोणता येणार यावर आम्ही गोट्यांची पैज लावायचो आणि मी बहुतेक वेळा हरायचो. खळीचा वास तर अंगालाच लागलेला असायचा. सुताला द्यायची ती पिठाची खळ, जराशी आंबूस, शिळ्या पेजेच्या वासाची. शाळेत बाकावर शेजारी बसणारा मुलगा नाक मुरडायचा. आज कुणी त्या वासाची बाटली भरून दिली, तर मी ती उशाशी ठेवीन.

मामांचा माग खड्ड्याचा. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून मामा काठावर बसत. पाय खाली पावड्या दाबायला, हात वर धोटा इकडून तिकडे पळवणाऱ्या दोरीवर. मी पाच-सहा वर्षांचा असताना मला वाटायचं, मामांना कमरेखाली पायच नाहीत. मग एकदा ते वर आले आणि चक्क चालत मोरीकडे गेले, तेव्हा मी घाबरून घरी पळालो. ही गोष्ट मामा लोकांना सांगत ते मी मॅट्रिक झाल्यावरही सांगत होते.

मागाशेजारी मामीचा रहाट. मामीचं नाव राजव्वा, पण गल्लीतली सगळी पोरं तिला मामीच म्हणत. ती बसायची त्या जागेवरची शहाबादी फरशी तिच्या बसण्यानं गुळगुळीत झाली होती. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडायचं, आणि बोटभर लांबीच्या नळीवर ते गुंडाळत न्यायचं. त्याला कांडी भरणं म्हणतात. ही कांडी धोट्यात बसवतात. ती संपली की धोटा रिकामा आणि माग ठप्प. म्हणजे लुगडं विणायचे मामा, पण मामीनं हात आखडला तर मामा नुसतेच खड्ड्यात पाय सोडून बसलेले गृहस्थ. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला तर होतंच होतं.

मला कांडी भरायला शिकवलं मामीनंच. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्या पुढ्यात बसायचो आणि ती चाकावरचा माझा हात तिच्या हातानं फिरवायची. तिच्या बांगड्या माझ्या मनगटाला लागायच्या. एकदा ती चुलीकडे गेली असताना मी सगळी कांडी एकट्यानं भरली आणि गुपचूप तिच्या टोपलीत टाकली. थोड्या वेळानं माग थांबला. मामांनी धोटा उघडला, कांडी काढून अंगठ्यानं दाबली आणि हाक मारली, "एम्रा! काय रे, ही तुजी कांडी का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मऊ हाय की. तुज्या मामीची कांडी मला डोळे झाकून कळती."

मामी चुलीपुढून हसली. मामांनी ती कांडी टाकून दिली नाही. दहा वेळा सूत तुटलं, दहा वेळा जोडलं, पण माझी कांडी त्यांनी विणून संपवली. कुठल्या तरी लुगड्यात तेवढी वीतभर वीण सैल गेली असेल.

उन्हाळ्यात कोरड्या हवेत सूत तडतडा तुटतं, म्हणून मामी तांब्यानं खड्ड्याच्या कडेला पाणी शिंपडायची. बाहेर गल्ली तापलेली, आत ती ओली जमीन, छपरातल्या काचेतून पडणारा उजेडाचा एक चौकोन, आणि त्यात तरंगणारी सुताची लव. मी तिथंच फरशीवर पालथा पडून गृहपाठ करायचो. संक्रांतीला मामी तांदळाच्या पिठात तीळ आणि ओवा घालून बोटांनी वेटोळी वळायची, सकिनालु. त्यांतली मोडकी माझी. मोडकी किती मोडकी असावीत याला मर्यादा होती. मी मर्यादा सोडून मोडायचो आणि तिला ते दिसायचं.

पुढं आम्ही सोलापुरातच होटगी रोडकडे राहायला गेलो. गिरणी बंद झाली, वडील गेले, मी एका शाळेत लिपिक झालो. मागाचा आवाज पुसट होत होत एक दिवस आठवणीत जमा झाला.

कॅमेरा मी पंचेचाळिशीत घेतला. बायको म्हणाली, "लोक या वयात गुडघ्याचा पट्टा घेतात." मी हौस म्हणून हिप्परग्याच्या तळ्यावरचे पक्षी काढले, गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या काठ्या काढल्या, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी काढले. ऑफिसात सगळे वाहवा करायचे. मग कुणीतरी म्हणालं, "नुसते काय दाखवता, विका की!" हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला मोल यावं असं मला वाटायला लागलं आणि तिथून मी बिघडलो.

इंटरनेटवर फोटो विकणाऱ्या एका संकेतस्थळावर मी नाव नोंदवलं. पहिल्या खेपेला पाठवलेले सगळे फोटो परत आले. दुसऱ्या खेपेलाही. मागं विजेचा खांब आहे, दुकानाची पाटी दिसते, गर्दी फार आहे. आमच्या फोटोक्लबात एक कुलकर्णीसर होते, त्यांचे फोटो विकले जायचे. त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "एक चौकट, एक माणूस. विकत घेणाऱ्याला पसारा नको असतो. जे नको ते पुसायला शिका." मी आठवड्याभरात शिकलो. तारा पुसल्या, खांब पुसले, कुत्री पुसली. अहाहा, काय स्वच्छ सोलापूर दिसायला लागलं!

मग मला मल्लय्यामामांची आठवण झाली. प्रेमानं झाली असं आता म्हणवत नाही. हातमागवाला म्हातारा, छपरातून उजेड, असा फोटो हमखास विकला जातो हे मी बघून ठेवलं होतं. कितीतरी वर्षांनी मी त्या घरात गेलो तो गळ्यात कॅमेरा अडकवून. मामांनी ओळखलं नाही, मामीनं मात्र आवाजावरून ओळखलं. "एवडा मोटा झालास व्हय रे!" म्हणत तिनं माझ्या पोटावरच चापट मारली. गल्लीत आता त्यांचा एकच हातमाग उरला होता.

मी मामांना मागावर बसवलं. मामी दारात उभी होती. मग हळूच म्हणाली, "मी बी येऊ का फोटोत?"

"ये की, मामी."

"न्हाय, आमचा दोगांचा फोटोच न्हाय. लग्नात कुटला फोटो? आन पोराच्या लग्नात मी जेवनाकडं, हे मांडवात. आदारकार्डावर ह्ये येगळे, मी येगळी."

ती आत जाऊन लुगडं बदलून आली. हिरवं, लाल काठाचं, मामांनी विणलेलं. रहाट तिनं हातभर ओढून उजेडात घेतला, बसली, आणि चाकाला हात लावला. मी भराभर फोटो घेतले. त्यांतले बहुतेक हलले होते, ते मी तिथल्या तिथं काढून टाकले. एक मात्र असा आला होता की माझी मलाच पाठ थोपटावीशी वाटली. मामीनं फोटो कधी देणार विचारलं. "लगेच," मी म्हणालो.

तो फोटो परत आला. म्हणे चौकटीत दोन माणसं आहेत, नजर एका जागी ठरत नाही.

रविवार होता. जेवण करून मी संगणकापुढं बसलो आणि मामीला पुसायला घेतलं. आधी रहाटाचं चाक. मग हिरवं लुगडं. मग चेहरा. चेहऱ्याला सगळ्यात कमी वेळ लागला, कारण मागं साधी भिंत होती. हात मात्र जाईना. मामांकडे कांडी देण्यासाठी पुढं केलेला तो हात, त्यावरच्या काचेच्या चार बांगड्या. पुसला की बांगडीची चमक कुठंतरी राहायचीच. ती चमक गेल्यावर मी पाठीमागं रेललो आणि बायकोला हाक मारून दाखवलं, "बघ, कळतं का काही?" ती म्हणाली, "काय कळायचंय? एक म्हातारा बसलाय." मला इतका आनंद झाला की त्या भरात मी तसाच फोटो जतन केला. मूळ फोटोवरच. कॅमेऱ्यातलं कार्ड तर आधीच पुसून पुढच्या सहलीसाठी मोकळं केलं होतं. मूळ प्रत वेगळी ठेवायची असते हे हौशी माणसाला कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी तो ऐकत नाही.

या खेपेला संकेतस्थळानं फोटो घेतला. विकलाही गेला. मी ऑफिसात पेढे वाटले. मग चादरीच्या एका व्यापाऱ्यानं तो कॅलेंडरवर घेतला, ऑगस्टच्या पानावर. मी कॅलेंडरची प्रत घेऊन मोठ्या ऐटीत मामांकडे गेलो. मामांनी थेट ऑगस्टचं पान वर काढून कॅलेंडर भिंतीला लावलं. जानेवारी चालू होता. त्या घरात पुढचं वर्षभर ऑगस्टच होता, तिथी-वार बघायला मामी शेजारी जायची. येणाऱ्याजाणाऱ्याला मामा सांगत, "आपल्या पोरानं काढलाय."

मामी मात्र पानाजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली. तिनं पानावरून, अगदी कडेपर्यंत, हात फिरवला.

"मी कुटं हाय रे?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण आयतं तयार होतं. "अगं, छापखान्यात कापलं त्यांनी. कागदाला जागा कमी असते. पुरा फोटो घरी आहे, तुला मोठा करून देतो."

"मंग बरं," मामी म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी तो चहा प्यालो. बिनदिक्कत प्यालो.

त्यानंतर मी त्या गल्लीत जायचं टाळलं. खाई त्याला खवखवे. एकदा बाजारात मामा समोरून येताना दिसले तर मी भांड्याच्या दुकानात शिरलो आणि नको असलेला डबा घेऊन बाहेर पडलो. आज तो डबा आमच्या घरात आहे, बायको त्यात शेंगाचटणी भरते आणि मी ताटात चटणी घेत नाही.

यंदा जानेवारीत मामा गेले. दिवसांना मी गेलो. मामी भिंतीला टेकून बसली होती. कपाळ मोकळं. तिनं मला बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तो पुरा फोटो दे रे आता. दोगांचा. मला बाकी काय नको."

"देतो, मामी," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

मग दोन महिने मी तो फोटो शोधत होतो, म्हणजे जो नाही हे मला पक्कं माहीत होतं तो. संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो, कार्डातून जुने फोटो परत काढून देणाऱ्याकडे गेलो. कार्डातून पक्षी निघाले, काठ्या निघाल्या, मामी नाही निघाली. तिच्या मुलाच्या लग्नातला फोटो मागवून त्यातली मामी कापून इथं बसवून पाहिली. ती पंगतीतल्या कुणाशी तरी बोलत होती. मामांच्या शेजारी बसून ती दुसरीकडेच बघायला लागली. ते मला बघवलं नाही. शेवटी जो होता तोच फोटो मोठा केला, चांगली सागवानी फ्रेम घेतली, आणि आज दुसरा चहा संपल्यावर एकदाचा गल्लीत शिरलो.

गल्ली शांत होती. एका घरात शिवणाचं मशीन चालू होतं, दुसऱ्यात टीव्ही. गटारीतून नुसतं गटारीचं पाणी वाहत होतं. मामीच्या घरात माग नव्हता. खड्ड्यावर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर गहू वाळत घातले होते. रहाट मात्र होता, भिंतीकडेला, आणि मामी रहाटावर होती. मागच्या आळीत कुणाचा तरी एक माग अजून चालतो, त्याच्यासाठी ती कांड्या भरते.

"आनलास?" ती म्हणाली आणि पदराला हात पुसले.

वाटेत मी एक वाक्य घोकत आलो होतो. संगणक जळाला, मामी, सगळं गेलं. बिनचूक खोटं होतं, तिनं मानलंही असतं. मी सुतळी सोडत बसलो. गाठ सुटेना. तिनं कांडीचं सूत तोडायची कातर पुढं केली, आणि ती हातात घेताना मी घोकलेलं सगळं विसरलो.

"मामी, छापखान्यानं कापलं नव्हतं. मी पुसलं तुला."

"पुसलं म्हंजी?"

"पाटीवरचं पुसतात तसं. फोटो विकायला एकच माणूस पाहिजे होतं. दोघांचा फोटो आता कुठंच नाही. मी खोटं बोललो. तेव्हापण आणि दिवसांना आलो तेव्हापण."

मला वाटलं ती रडेल, किंवा शिव्या देईल, आणि दोन्हींची मी तयारी केली होती. तिनं फ्रेम उचलून मांडीवर घेतली. कागद बाजूला सारला. मामांकडे बघितलं.

"हे कुनाकडं बगायलेत, ठाव हाय का तुला?"

फोटोत मामांची मान वळलेली आहे. ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे. त्या व्यापाऱ्याला हीच नजर आवडली होती. म्हातारा जुने दिवस आठवतोय, असं तो म्हणाला होता, आणि मी मान डोलावली होती.

"जलमभर कांडी मागताना नुस्ता हात पुडं करायचे," मामी म्हणाली. "मान वळवून बगायचं न्हाय. पन्नास वर्सं हात बगितला मी त्यांचा. त्या दिवशी तू फोटो काडताना बगितले. आन म्हनले, हिरवं चांगलं दिसतंय की गं."

तिनं काचेवर बोट ठेवलं, मामांच्या डोळ्यांवर. मग ते बोट सरळ कडेकडे नेलं, जिथं मी भिंत रंगवली होती.

"आता भितीकडं बगून हसायलेत. येड्यावानी."

खाली पडलेला कागद आणि सुतळी मी गोळा करत बसलो.

मामीनं कोनाड्यातून हातोडी काढून दिली, खिळा दिला. मी सवयीनं वर बघितलं. देवांच्या तसबिरींच्या रांगेत, जिथं गेलेल्या माणसांना लावतात, तिथं जागा होती.

"वर नको," ती म्हणाली. ती रहाटापाशी जाऊन बसली आणि शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "हितं."

मी फ्रेम भिंतीला धरली.

"खाली."

खाली घेतली.

"आजून खाली. जरा इकडं सरक. न्हाय, तिरकं नको करू."

मी गुडघ्यांवर बसलो होतो. फ्रेम आता जमिनीपासून हातभर उंचीवर होती, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी. भिंतीला फोटो कुणी इतका खाली लावत नाही. मी खिळा ठोकला. जुना गिलावा भसाभसा पडला, पण खिळा बसला. फ्रेम अडकवून मी उभा राहिलो, दोन पावलं मागं आलो, आणि सरळ दिसते का म्हणून बघू लागलो.

मामीनं चाकावर हात ठेवला होता. फिरवत मात्र नव्हती. मान जराशी वाकडी करून ती माझ्या कमरेच्या बाजूनं पलीकडे बघायचा प्रयत्न करत होती.

"बाजूला हो की रे," ती म्हणाली. "मदी उबारलास."